आवाजाचे पारखी : ‘काउबॉय’ जॅक क्लेमेंट

‘निर्माता’ हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर चित्रपटाला पैसा पुरविणारी व्यक्ती उभी राहते. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण व्यवसायात मात्र ‘रेकॉर्ड प्रोड्यूसर’ या शब्दाचा अर्थ बराच वेगळा आहे. कोणत्या गायकाने कोणते गाणे गावे, ते कोणत्या पट्टीत आणि कोणत्या लयीत गावे, साथीला कोणती वाद्ये घ्यावीत, चार-पाच वेळा मुद्रित झालेल्या गाण्यापैकी कोणते मुद्रण श्रोत्यांसमोर ठेवावे, हे निर्णय ज्याच्या कानावर सोपविलेले असतात तो रेकॉर्ड प्रोड्यूसर. आपल्याकडे संगीतकार, संगीत संयोजक आणि ध्वनिमुद्रक यांच्यात वाटले जाणारे काम तेथे पुष्कळदा या एकाच माणसाकडे येते. तबकडीवर त्याचे नाव बारीक अक्षरांत छापतात. कित्येकदा छापतही नाहीत.

जॅक क्लेमेंट (१९३१-२०१३) हे अशा प्रोड्यूसरांपैकी एक अत्यंत प्रभावी नाव. ते गीतकार होते, गायक होते, संगीत प्रकाशक होते आणि स्टुडिओचे मालकही होते. अमेरिकेच्या कंट्री संगीतात आणि रॉक अँड रोलच्या जन्मकाळात घडलेल्या कितीतरी महत्त्वाच्या प्रसंगी ते ध्वनिमुद्रण यंत्राशेजारी हजर होते. एवढी प्रदीर्घ कारकीर्द एका सूत्रात बांधणे कठीण. तरीही तसे सूत्र शोधायचे झाल्यास ते त्यांच्या ऐकण्यात सापडते. गायकाचा पूर्वलौकिक, बाजाराची मागणी किंवा समाजाचा रिवाज यांच्या आधी ते आवाज ऐकत. या सवयीने त्यांना मोठे यश दिले आणि काही मोठे फटकेही. एका कृष्णवर्णीय गायकाच्या बाबतीत तर तिने एका संपूर्ण संगीतप्रकारालाच स्वतःकडे नव्याने पाहायला लावले.

कंट्री संगीताची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील ग्रामीण वस्तीत कंट्री संगीत रुजले. आयर्लंड, स्कॉटलंड व इंग्लंडमधून आलेल्या स्थलांतरितांची कथागीते आणि फिडल, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आलेला बँजो व त्यांचे ब्लूज, चर्चमधील भजने अशा अनेक प्रवाहांतून ते घडले. १९२५ मध्ये नॅशव्हिलच्या नभोवाणी केंद्रावरून पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नावाने गाजलेला कार्यक्रम सुरू झाला. १९२७ मध्ये राल्फ पीर यांनी टेनेसीच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांचे ध्वनिमुद्रण केले. तेव्हापासून या संगीताचा व्यवसाय आकाराला आला, असे सामान्यतः मानले जाते.

या व्यवसायाने आरंभीच एक भिंत उभी केली. गोऱ्या गायकांच्या ग्रामीण गीतांच्या तबकड्या ‘हिलबिली’ या नावाने, तर कृष्णवर्णीयांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाने वेगळ्या विकल्या जात. प्रत्यक्षात दोन्हीकडचे कलावंत एकमेकांचे ऐकून शिकत होते. हँक विल्यम्स यांना लहानपणी गिटारचे धडे देणारे रूफस पेन हे रस्त्यावर गाणारे कृष्णवर्णीय कलावंत होते. ‘ऑप्री’च्या पहिल्या पिढीतील लोकप्रिय माउथऑर्गनवादक डिफोर्ड बेली हेही कृष्णवर्णीयच होते. १९४१ मध्ये त्यांना तेथून दूर करण्यात आले. संगीत एकत्र वाढत होते. विक्रीची दुकाने मात्र वेगळी होती. क्लेमेंट यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी ही विभागणी ध्यानात ठेवावी लागते.

कंट्री गाणे हे मुख्यतः शब्दप्रधान असते. चाल साधी, शब्द बोलीतले आणि विषय रोजच्या जगण्यातले. घर, विरह, दारू, रेल्वे, तुरुंग, देव अशा विषयांवर तीन मिनिटांत एक गोष्ट सांगून ते संपते. तेथे गीत आणि चाल बहुधा एकच व्यक्ती रचते व तिला ‘साँगरायटर’ म्हणतात. क्लेमेंट हे या अर्थाने गीतकार होते.

मेम्फिस ते मेम्फिस

जॅक हेंडरसन क्लेमेंट यांचा जन्म ५ एप्रिल १९३१ रोजी टेनेसी राज्यात मेम्फिसलगतच्या व्हाइटहेवन येथे झाला. १९४८ मध्ये ते अमेरिकेच्या मरीन दलात दाखल झाले. वॉशिंग्टन परिसरात नेमणूक असताना तेथील ब्लूग्रास संगीताची त्यांना गोडी लागली. लष्करी सेवा संपल्यावर मँडोलिनवादक बझ बझ्बी यांच्यासह त्यांनी एक वाद्यवृंदही चालविला. पुढे ते मेम्फिसला परतले, महाविद्यालयात दाखल झाले आणि काही काळ नृत्यशिक्षक म्हणून त्यांनी चरितार्थ चालविला. नृत्याची ही तालीम त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली. गाण्याच्या तालावर पाय आपोआप हलले पाहिजेत, ही त्यांची साधी कसोटी होती. ‘काउबॉय’ हे त्यांचे टोपणनाव जगभर रूढ झाले, मात्र घोडे आणि गुरे यांच्याशी त्यांच्या व्यवसायाचा काहीही संबंध नव्हता.

१९५६ च्या सुमारास मेम्फिसमधील फर्नवूड मार्गावर स्लिम वॉलेस यांच्या गॅरेजमध्ये दोघांनी मिळून एक छोटा स्टुडिओ उभारला. तेथे बिली ली रायली या तरुण गायकाचे मुद्रण करून क्लेमेंट ती फीत शहरातल्या सॅम फिलिप्स यांच्याकडे तबकडीसाठी तयार करून घेण्यास गेले. फिलिप्स हे ‘सन रेकॉर्ड्स’चे संस्थापक. एल्विस प्रेस्ली यांना प्रथम ध्वनिमुद्रित करणारे आणि १९५५ च्या अखेरीस त्यांचा करार ३५ हजार डॉलरला आरसीए कंपनीकडे सोपविणारे तेच. त्यांनी फीत ऐकली, ती स्वतःच प्रसिद्ध करण्याचे ठरविले आणि क्लेमेंट यांना नोकरी देऊ केली.

‘सन’मधील तीन वर्षे

युनियन अ‍ॅव्हेन्यूवरील ७०६ क्रमांकाच्या त्या लहानशा इमारतीत क्लेमेंट यांनी जेमतेम तीन वर्षे काम केले. त्या काळातच त्यांच्या कामाची पद्धत ठरून गेली.

१९५६ च्या शरद ऋतूत लुइझियाना राज्यातील फेरिडे गावचा एक तरुण पियानोवादक सन रेकॉर्ड्सच्या दाराशी आला. फिलिप्स त्या वेळी परगावी होते. मेम्फिसमध्ये तेव्हा गिटारवाल्यांचा जमाना होता. पियानो वाजवीत कंट्री गाणी गाणाऱ्याला कोणी विचारत नव्हते. क्लेमेंट यांनी त्याला बसवून घेतले आणि त्याचे गाणे फितीवर घेतले. तो तरुण म्हणजे जेरी ली लुईस.

पुढच्या वर्षी त्याच लुईस यांच्या आवाजात क्लेमेंट स्वतः रचलेले ‘इट विल बी मी’ हे गाणे मुद्रित करीत होते. पुष्कळ खटपट करूनही ते मनासारखे उतरेना. तेव्हा थोडा बदल म्हणून लुईस जलशांतून गात असलेले एक गाणे घ्यावे असे ठरले. क्लेमेंट यांनी यंत्र सुरू केले आणि एकाच प्रयत्नात ‘होल लॉटा शेकिन गोइंग ऑन’ मुद्रित झाले. रॉक अँड रोलच्या इतिहासातील हे एक अजरामर मुद्रण. क्लेमेंट यांचे स्वतःचे गाणे त्या तबकडीच्या मागच्या बाजूला गेले. आपल्या रचनेपेक्षा दुसऱ्याची रचना त्या गायकाला अधिक शोभते, हे ऐकताक्षणी मान्य करणे कोणत्याही गीतकाराला सोपे नसते.

दुसरा प्रसंग ४ डिसेंबर १९५६ चा. कार्ल पर्किन्स यांचे ध्वनिमुद्रण चालू होते आणि लुईस पियानोच्या साथीला होते. एवढ्यात एल्विस प्रेस्ली सहज भेटीसाठी डोकावले. जॉनी कॅशही आले. मुद्रण बाजूला राहिले आणि मंडळी पियानोभोवती जमून भजने व जुनी गाणी गाऊ लागली. नियंत्रण कक्षात बसलेल्या क्लेमेंट यांनी गाजावाजा न करता फीत चालू केली. ‘मिलियन डॉलर क्वार्टेट’ या नावाने प्रसिद्ध असलेला हा गप्पा-गाण्यांचा फड त्यामुळेच टिकून राहिला. तो श्रोत्यांपर्यंत यायला पाव शतक लागले. १९८० च्या दशकात ही मुद्रणे प्रसिद्ध झाली आणि पुढे त्या प्रसंगावर ब्रॉडवेवर संगीत नाटकही आले.

जॉनी कॅश यांच्यासाठी क्लेमेंट यांनी लिहिलेली ‘बॅलड ऑफ अ टीनेज क्वीन’ आणि ‘गेस थिंग्ज हॅपन दॅट वे’ ही दोन्ही गाणी १९५८ मध्ये कंट्री गीतांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली. पहिले गाणे तेथे तब्बल दहा आठवडे टिकले. कॅश यांच्या रुक्ष, खर्जातल्या गायनामागे क्लेमेंट यांनी समूहस्वर घातले. ते अनेक जाणकारांना रुचले नाहीत, मात्र त्या साजामुळे कॅश यांचा आवाज शहरी तरुण श्रोत्यांपर्यंत पोहोचला. पुढे १९५९ मध्ये फिलिप्स यांच्याशी खटके उडाले आणि क्लेमेंट यांना ‘सन’ सोडावे लागले.

गीतकाराचे अर्थकारण

क्लेमेंट यांनी त्यानंतर गाण्यांच्या प्रकाशनाकडे विशेष लक्ष दिले. त्यामागचे व्यवहारज्ञान समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेच्या १९०९ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याच्या हक्कधारकाला कमाल दोन सेंट मिळत. १९७७ पर्यंत हाच दर कायम होता. ही रक्कम बहुधा गीतकार आणि प्रकाशक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाई. तबकडीच्या दोन्ही बाजूंच्या गाण्यांना हा दर सारखाच लागू होता, त्यामुळे गाजलेल्या गाण्याच्या पाठीवर बसलेले गाणेही पैसा मिळवून देई.

याखेरीज गाणे नभोवाणीवर वाजले की गीतकार व प्रकाशक यांना मानधन मिळते. तेच गाणे गाणाऱ्याला मात्र अमेरिकेतील पारंपरिक नभोवाणी केंद्रांकडून काहीच मिळत नाही. साहजिकच नॅशव्हिलमध्ये खरी मालमत्ता म्हणजे गाणे. गायक येतात आणि जातात. चांगले गाणे पाच जणांच्या आवाजात पाच वेळा कमाई करून देते. क्लेमेंट यांचे ‘अ गर्ल आय यूज्ड टू नो’ हे गाणे १९६२ मध्ये जॉर्ज जोन्स यांनी गायले आणि थोड्याशा बदललेल्या नावाने १९६९ मध्ये पोर्टर वॅगनर व डॉली पार्टन यांनी. ‘मिलर्स केव्ह’ १९६० मध्ये हँक स्नो यांच्या आणि चार वर्षांनी बॉबी बेअर यांच्या आवाजात गाजले.

त्यांचे ‘आय नो वन’ हे गाणे १९६० मध्ये जिम रीव्हज यांनी गायले. मुंबई-गोव्यातील ख्रिस्ती घरांत आणि एकूणच इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या जुन्या पिढीत रीव्हज यांचा मखमली आवाज चांगलाच परिचयाचा होता. त्या आवाजातले हे गाणे ज्यांनी ऐकले असेल, त्यांनी क्लेमेंट हे नाव न जाणताही त्यांची रचना ऐकलेली आहे.

टेक्सासचा मुक्काम आणि तुताऱ्यांचे स्वप्न

१९६० च्या दशकाच्या आरंभी नॅशव्हिलमध्ये आरसीएचे प्रमुख प्रोड्यूसर चेट अ‍ॅटकिन्स यांच्या हाताखाली काही काळ काम केल्यावर क्लेमेंट टेक्सासमधील ब्युमाँट या तेलनगरीत गेले. तेथे बिल हॉल यांच्या भागीदारीत त्यांनी स्टुडिओ आणि प्रकाशन संस्था चालविली. डिकी ली या सहकाऱ्याने लिहिलेले ‘शी थिंक्स आय स्टिल केअर’ हे गाणे त्यांनी जॉर्ज जोन्स यांच्या गळी उतरविले आणि १९६२ मध्ये ते जोन्स यांच्या सर्वोत्तम गाण्यांत जमा झाले.

मार्च १९६३ मध्ये जॉनी कॅश यांनी त्यांना नॅशव्हिलला बोलावून घेतले. जून कार्टर आणि मर्ल किल्गोर यांनी रचलेले ‘रिंग ऑफ फायर’ कॅश यांना गायचे होते. हे गाणे आधी जून यांची बहीण अ‍ॅनिटा हिने गायले होते, पण ते चालले नव्हते. या गाण्यात मेक्सिकोच्या मारियाची वादकांसारखे ट्रंपेट वाजत असल्याचे आपण स्वप्नात ऐकले, असे कॅश यांचे म्हणणे होते. कंट्री गाण्यात ट्रंपेट ही कल्पना त्या काळी विचित्रच होती. क्लेमेंट यांनी ती हसण्यावारी न नेता ट्रंपेटचे ते सुप्रसिद्ध तुकडे बसवून दिले. गाणे सात आठवडे अग्रस्थानी राहिले आणि कॅश यांची ओळखच बनले. अधिकृत प्रोड्यूसर डॉन लॉ आणि फ्रँक जोन्स होते. क्लेमेंट यांचे नाव तबकडीवर आले नाही.

चार्ली प्राइड : आधी आवाज, मग चेहरा

१९६५ मध्ये क्लेमेंट नॅशव्हिलमध्ये कायमचे परतले. त्याच वर्षी व्यवस्थापक जॅक जॉन्सन यांनी एका गायकाला त्यांच्यापुढे आणले. चार्ली प्राइड हे त्याचे नाव. १९३४ मध्ये मिसिसिपी राज्यातील स्लेज येथे, वाट्याने कापसाची शेती करणाऱ्या मोठ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरातल्या रेडिओवर ‘ग्रँड ओल ऑप्री’ ऐकत ते वाढले. कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या बेसबॉल संघांतून ते खेळले आणि पुढे मोंटाना राज्यात धातू वितळविण्याच्या कारखान्यात कामाला लागले. हँक विल्यम्स यांची गाणी ते ज्या सहजतेने गात, त्यात नक्कल नव्हती की आव नव्हता. ज्या संगीतात ते वाढले, तेच ते गात होते.

काळ मोठा नाजूक होता. वंशभेदाला बंदी करणारा नागरी हक्क कायदा १९६४ चा आणि मतदान हक्क कायदा १९६५ चा. दक्षिणेतील अनेक गावांत या कायद्यांविरुद्ध उघड संताप होता, आणि कंट्री संगीताचा मुख्य श्रोता त्याच गावांत राहत होता. कृष्णवर्णीय कंट्री गायकावर पैसा लावण्यास एकही मोठी कंपनी तयार होईना. क्लेमेंट यांनी काही गाणी प्राइड यांना शिकविली आणि ऑगस्ट १९६५ मध्ये स्वतःच्या खर्चाने त्यांचे ध्वनिमुद्रण केले.

ती फीत हातोहात फिरत अखेर चेट अ‍ॅटकिन्स यांच्यामार्फत आरसीएच्या वरिष्ठांपर्यंत गेली. अ‍ॅटकिन्स यांनी आधी आवाज ऐकविला. तो सर्वांना पसंत पडल्यावरच गायक कृष्णवर्णीय असल्याचे सांगितले. करार झाला. जानेवारी १९६६ मध्ये ‘द स्नेक्स क्रॉल अ‍ॅट नाइट’ ही पहिली तबकडी ‘कंट्री चार्ली प्राइड’ या नावाने बाजारात आली. नभोवाणी केंद्रांना नव्या गायकाचे छायाचित्र पाठविण्याची पद्धत होती. प्राइड यांच्या पहिल्या तबकड्यांसोबत ते पाठविण्यात आले नाही.

हा निर्णय चातुर्याचा खरा, तरी त्याच्यातला सल विसरता येत नाही. ज्याचा आवाज विकायचा त्याचाच चेहरा झाकून ठेवायचा, याला कलेची कदर म्हणावे की समाजापुढे पत्करलेली शरणागती? एक गोष्ट मात्र निश्चित. श्रोत्यांनी त्या आवाजाला कोणत्याही पूर्वग्रहाविना दाद दिली आणि त्यामुळे पूर्वग्रह किती निराधार होता हे उघडे पडले. डेट्रॉइटमधील पहिल्या मोठ्या जाहीर कार्यक्रमात प्राइड रंगमंचावर येताच टाळ्या थांबल्या आणि सभागृह स्तब्ध झाले. प्राइड यांनी आपल्या वर्णावरच हलकीशी कोटी केली, ताण सैल झाला, आणि गाणी संपल्यावर लोकांनी त्यांना गराडा घातला.

क्लेमेंट यांनी येथे दाखविलेली समज संगीताच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. त्या काळी नॅशव्हिलमध्ये व्हायोलिनवृंद आणि समूहस्वरांनी मऊ केलेल्या गाण्यांची चलती होती. प्राइड यांनाही तसा मुलामा देणे सोपे होते. क्लेमेंट यांनी उलट लॉइड ग्रीन यांच्यासारख्या वादकांची पेडल स्टील गिटार ठळक ठेवून अस्सल, पारंपरिक बाज राखला. हा गायक पाहुणा नसून याच घरचा आहे, ही गोष्ट त्यांनी वाद घालून नव्हे, वाद्यमेळातून सांगितली.

क्लेमेंट यांनीच लिहिलेल्या ‘जस्ट बिटवीन यू अँड मी’ या गाण्याने प्राइड यांना पहिले मोठे यश दिले. जानेवारी १९६७ मध्ये प्राइड ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या रंगमंचावर गायले. १९७१ मध्ये क्लेमेंट यांनी मुद्रित केलेले ‘किस अ‍ॅन एंजल गुड मॉर्निंग’ आले आणि त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने त्यांना वर्षातील सर्वोत्कृष्ट कलावंत म्हणून गौरविले. पुढील काळात प्राइड यांची २९ गाणी बिलबोर्डच्या कंट्री यादीत अग्रस्थानी पोहोचली. १२ डिसेंबर २०२० रोजी डॅलस येथे कोरोनाच्या संसर्गानंतर त्यांचे निधन झाले.

जॅझसम्राट लुई आर्मस्ट्राँग यांचा १९७० मधील कंट्री गीतांचा संग्रहही क्लेमेंट यांच्याच देखरेखीखाली मुद्रित झाला. आर्मस्ट्राँग त्यानंतर जेमतेम वर्षभर जगले. दोन दुकानांत विकले जाणारे संगीत मुळात एकाच मातीतले आहे, याची ही आणखी एक साक्ष.

शिष्य, स्टुडिओ आणि ‘बंडखोर’

१९६९ च्या सुमारास क्लेमेंट यांनी नॅशव्हिलच्या बेलमाँट मार्गावर स्वतःचा स्टुडिओ बांधला. तोच पुढे ‘साउंड एम्पोरियम’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्यांच्या दुसऱ्या स्टुडिओचा, ‘जॅक्स ट्रॅक्स’चा, ताबा पुढे त्यांचे शिष्य अ‍ॅलन रेनल्ड्स यांनी घेतला आणि तेथेच गार्थ ब्रुक्स यांचे विक्रमी खपाचे संग्रह तयार झाले. बॉब मॅक्डिल यांच्यासारखे गीतकारही क्लेमेंट यांच्याच वर्तुळातून पुढे आले.

डॉन विल्यम्स यांची कथा अशीच. लोकसंगीत गाणाऱ्या एका त्रयीतून बाहेर पडलेले हे शांत स्वभावाचे गृहस्थ क्लेमेंट यांच्या प्रकाशन संस्थेत गीतकार म्हणून रुजू झाले. त्यांनी गावे, हे तेथील मंडळींना कळायला वेळ लागला नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी क्लेमेंट यांनी काढलेल्या ‘जेएमआय’ कंपनीने, रेनल्ड्स यांच्या दिग्दर्शनाखाली, विल्यम्स यांच्या पहिल्या एकल तबकड्या प्रसिद्ध केल्या. कंपनी काही वर्षांतच बंद पडली, पण विल्यम्स यांचा संथ, विश्वासाचा स्वर पुढे इंग्लंड आणि आफ्रिकेपर्यंत घराघरांत पोहोचला.

१९७५ मध्ये वेलन जेनिंग्ज यांच्यासह क्लेमेंट यांनी ‘ड्रीमिंग माय ड्रीम्स’ हा संग्रह घडविला. नॅशव्हिलच्या ठरीव साच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या ‘आउटलॉ’ म्हणजे बंडखोर प्रवाहातील तो एक मानदंड समजला जातो. त्यात वाद्यांना श्वास घेण्यास जागा आहे आणि गायकाला घाई नाही. शीर्षकगीत पुन्हा अ‍ॅलन रेनल्ड्स यांचेच.

फसलेले डाव

हा कान कधी चुकला नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. टाउन्स व्हॅन झँट या असामान्य कवीवृत्तीच्या गीतकाराचा पहिला संग्रह १९६८ मध्ये क्लेमेंट यांच्या देखरेखीखाली निघाला. एकट्या गिटारवर तोलून धरता येतील अशा त्या रचनांवर वाद्यांचा आणि प्रतिध्वनीचा भार पडला, अशी टीका आजही होते. व्हॅन झँट यांनी त्यातील अनेक गाणी पुढच्या संग्रहांतून साध्या साथीवर पुन्हा मुद्रित केली, हेच त्या टीकेचे पुरेसे समर्थन होय.

१९७२ मध्ये क्लेमेंट चित्रपटाच्या अर्थानेही ‘निर्माता’ झाले. ‘डिअर डेड डिलायला’ या भयपटात त्यांनी पैसा घातला आणि तो बुडाला. स्वतःच्या गायनाबाबत तर त्यांची चालढकल विलक्षण होती. त्यांचा पहिला संग्रह १९७८ मध्ये आला आणि दुसरा थेट २००४ मध्ये. तिसरा निघाला तेव्हा ते हयात नव्हते. इतरांच्या आवाजाबाबत झटपट निर्णय घेणारा हा माणूस स्वतःच्या आवाजाबाबत पाव शतक थांबला.

उत्तरायुष्य

नॅशव्हिलमधील आपल्या राहत्या घरालाच त्यांनी स्टुडिओ बनविले आणि त्याला ‘काउबॉय आर्म्स हॉटेल अँड रेकॉर्डिंग स्पा’ असे गमतीचे नाव दिले. आपला धंदा मौजेचा आहे आणि मौज येत नसेल तर आपण काम नीट करीत नाही, असे ते सहकाऱ्यांना सांगत. तेथे कॅश येत, नवशिके गीतकार येत, चित्रीकरणे होत. या घरगुती चित्रफितींवर आधारलेला माहितीपट रॉबर्ट गॉर्डन आणि मॉर्गन नेव्हिल यांनी २००५ मध्ये तयार केला.

१९८७ च्या अखेरीस आयर्लंडचा ‘यू टू’ हा रॉक वाद्यवृंद मेम्फिसच्या त्याच जुन्या ‘सन’ स्टुडिओत आला, तेव्हा यंत्राशेजारी क्लेमेंट होते. ब्लूजचे बुजुर्ग बी. बी. किंग यांच्यासोबतचे ‘व्हेन लव्ह कम्स टू टाउन’ आणि ‘एंजल ऑफ हार्लेम’ ही ‘रॅटल अँड हम’ (१९८८) या संग्रहातील गाणी तेथे मुद्रित झाली. मोठ्या कंपन्यांनी कॅश यांना जवळजवळ अडगळीत टाकले होते, त्या १९८० च्या दशकातही क्लेमेंट त्यांचे संग्रह घडवीत राहिले.

जून २०११ मध्ये लागलेल्या आगीत घरातला स्टुडिओ आणि तेथे साठविलेला बराच ठेवा भस्मसात झाला. कोणाला इजा झाली नाही, एवढेच समाधान. नॅशव्हिलच्या गीतकारांच्या सन्मान दालनात त्यांना १९७३ मध्येच स्थान मिळाले होते. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमसाठी त्यांची निवड मात्र एप्रिल २०१३ मध्ये जाहीर झाली. प्रत्यक्ष सोहळा त्यांना पाहता आला नाही. ८ ऑगस्ट २०१३ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

दार उघडले, पण किती?

एका प्रोड्यूसरच्या कर्तृत्वाचे मोजमाप कशाने करावे? खपाच्या आकड्यांनी केले तर क्लेमेंट मोठे ठरतातच. पण त्यांनी उघडलेल्या दाराचे पुढे काय झाले, हा प्रश्न अधिक बोलका आहे. चार्ली प्राइड यांचे गाणे कंट्री यादीत शेवटचे अग्रस्थानी आले ते १९८३ मध्ये. त्यानंतर एखाद्या कृष्णवर्णीय एकल गायकाला, डेरियस रकर यांना, ते स्थान मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. मधली २५ वर्षे असेच सांगतात की, एका गायकाला मिळालेली मान्यता म्हणजे व्यवस्थेत झालेला बदल नव्हे. २०२४ मध्ये बियॉन्से यांचा ‘काउबॉय कार्टर’ हा संग्रह आला, तेव्हा हे संगीत नेमके कोणाचे, हा वाद पुन्हा पेटला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट कंट्री संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तरी वाद शमला नाही.

अशा वेळी १९६५ मधील ती फीत आठवते. तिच्यावर ना चेहरा होता, ना जात-वंशाची नोंद. होता तो फक्त आवाज. तो पुरेसा आहे, असे एका माणसाला वाटले आणि त्याने स्वतःच्या खिशातून स्टुडिओचे भाडे भरले. व्यवस्था बदलणे त्याच्या एकट्याच्या हाती नव्हते. नीट ऐकणे आणि ऐकलेल्यावर विश्वास ठेवणे मात्र होते, आणि ते जॅक क्लेमेंट यांनी आयुष्यभर केले.